सेकंडचा माल

आक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी चेहरे भोकांत उतरवतो.
पुठ्ठ्यात भोक असलं की दोरा वर,
नसलं की खाली.
देव असो, पुढारी असो, दोन हरणं असोत,
मागाला एवढंच कळतं.

जानेवारीत आफ्रिकेतल्या एका देशाची ऑर्डर आली.
देशाचं नाव सांगत नाही, येमूल शेठनी शपथ घातलीय.
चाळीस हजार टॉवेल, निळ्यावर पांढरं.
मधोमध राष्ट्राध्यक्ष, डोळे मिटलेले,
मागे क्रूस, खाली दोन ओळी.
"तुझ्या घरचंच काम हाय की बे, शमुवेल,"
शेठ म्हणाले, "अक्षरं बघ नीट."
अक्षरं रोमन होती, भाषा कुठली कोण जाणे.
क्रूस तेवढा ओळखीचा.

दहा दिवसांनी दुसरी ऑर्डर.
देश तोच. माणूस दुसरा, चष्मेवाला.
क्रूस तोच, बोटभर मोठा.
शेठ हसले, दोघांचा देव एक,
आपला रेटही एक.

चिसोमो फार्मसी शिकायला सोलापुरात आली.
रविवारी आमच्या देवळात चौथ्या बाकावर बसते,
मराठी गीतं रोमनमध्ये उतरवून गाते,
'ळ' आला की थांबते.
तिला दोन्ही कागद दाखवले.
ही तिची भाषा नव्हती, शेजारची होती, पण लागली.
पहिल्याखाली होतं, सत्तेपुढे मान लववा.
दुसऱ्याखाली, फारोला सांगा, माझ्या लोकांना सोड.
आधी ती खूप हसली.
मग म्हणाली,
मी व्हायच्या आधी, एका रविवारी,
आमच्याकडे सगळ्या देवळांत एकाच वेळी
एक पत्र वाचलं गेलं.
दवाखान्यात गोळ्या नाहीत, तुरुंगात जागा नाही,
असलंच साधं काहीतरी.
रात्री बाबांनी त्याची प्रत
मक्याच्या पिठाच्या डब्यात पुरली.
आठवडाभर त्याच पिठाचं खाल्लं.
आमच्याकडे ते पत्र वाचणारे पाद्री
आता प्रचाराच्या स्टेजवर असतात.
खुर्ची पहिल्या रांगेत.
आवाज अजून तसाच आहे, म्हणाली,
त्याचंच वाईट वाटतं.

मला आजोबा आठवले.
तीस साल, सोलापुरात मार्शल लॉ,
रस्त्यात डोक्यावरची टोपी उतरवायला लावायचे.
त्या रविवारी साहेब पाद्रीनं
बादशहाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना केली.
आजोबांनी आमेन म्हटलं नाही.
एवढंच. हाच आमच्या घराण्याचा स्वातंत्र्यलढा.
मी लहानपणी विचारलं, मग काय झालं?
काही नाही, म्हणाले,
न म्हटलेलं कुणाला ऐकू येतं?
आजी चुलीपाशी होती.
म्हटलं होतं त्यांनी, म्हणाली. हळू म्हटलं होतं.

त्या रात्री पंचिंगला बसलो तेव्हा वाटलं,
एक भोक कमी पाडावं.
राष्ट्राध्यक्षाचा डोळा उघडा राहील,
चष्मेवाल्याची एक काच जाईल.
पण महिनाअखेर होती.
चिप्पा मास्तर शेजारी उभे होते,
त्यांच्या पोरीचं लग्न ठरलेलं.
सगळी भोकं पाडली.
एकही चुकलं नाही, हे सांगताना
अजून थोडा अभिमान वाटतो.

दोरा तुटलेला, डाग पडलेला सेकंडचा माल
मंगळवार बाजारात किलोवर गेला.
आईनं अर्धा किलो आणला.
प्रभुभोजनानंतरचे पेले धुवायचं काम तिचं,
अंगठ्याएवढे काचेचे, एकशे चाळीस.
चिसोमो मदतीला होती.
आईनं पिशवीतून टॉवेल काढला,
चेहरा दिसला तसा उलटा केला.
मागून निळ्याचं पांढरं झालेलं,
वचन आरशातलं.
कोणता होता दोघांतला, मी पाहिलं नाही.

गावी माझ्या मावशीकडे पण असेल आत्ता असलाच,
चिसोमो म्हणाली. फुकट मिळालेला.
मग पेला उजेडात धरून,
पाणी टिपत नाही हा.

नवा आहे गं, आई म्हणाली.
चार-पाच धुणी होऊ दे,
रंग गेला की
धरेल पाणी.