बांगडी वाढते

सोमवारी अकराच्या सुमाराला
खैरूनबी मनियार येतात बीडच्या जिल्हा रुग्णालयात, मागच्या खोलीत,
उजव्या हाताने डावा हात उचलून,
दुसऱ्याचं तान्हं पोर सांभाळायला घ्यावं तसा.

मी टेप काढते.
त्या रुमालाची गाठ सोडतात.
आत एकच बांगडी, जांभळट, दोन-सहाची.
चार बोटं चेपून आत सारतात. अडते.
"टेप कशाला पोरी. लिही,
अंगठ्याच्या बुडाशी थांबली."

मी तसंच लिहिते.

काखेतल्या सतरा गाठी काढल्या लातूरला, छातीसोबत.
गाठी म्हटलं की त्या घाबरतात,
अवधाण म्हटलं की ओळखतात:
पायात काटा मोडला की जांघेत यायचं ते.
"म्हणजे राखणदार होते व्हय ते.
आन् त्यांनाच काढून टाकलं."
यावर मला काही बोलता येत नाही.

रक्ताला हृदय आहे, या पाण्याला नाही.
रक्तातून पाझरलेलं, ताकाच्या निवळीसारखं फिकट,
केसाहून बारीक नळ्यांत शिरतं
आणि चढाला लागतं, पायी.
नळ्या आपल्याआपण जराशा आवळतात,
बाकी ढकलायला हलता स्नायू, शेजारची नाडी
आणि श्वास.
मागे वळू नये म्हणून पावलापावलावर झडप.
डाव्या गळपट्टीच्या हाडामागे
ते पुन्हा रक्ताला मिळतं,
दिवसाकाठी दोन-तीन लिटर,
आणि आपण म्हणतो, आज काहीच केलं नाही.

मी हातापासून सुरू करत नाही.
आधी मान. हाडामागची खोबण.
मग फासळ्यांखाली दोन्ही तळवे: श्वास घ्या. सोडा. अजून सोडा.
मग उजवी काख, जी शाबूत आहे.
मग छातीवरून आडवी, डावीकडून उजवीकडे, नवी वाट.
हात सर्वांत शेवटी.
"दुखतंय इथं आन् तू फिरतीस तिथं,"
पहिल्या दिवशी त्या चिडल्या होत्या.
दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या,
"कळलं. वाफ्यात पाणी तुंबलंय तर आधी खालचं बारं फोडायचं."

एवढ्या हलक्या हाताने कसं होतं, हे मात्र पटेना.
मी सांगितलं, नळ्या कातडीच्या लगेच खाली आहेत,
जोर दिला की मिटतात.
कातडी फक्त ताणायची, सोडायची.
त्या गप्प झाल्या.
मग माझा हात आपल्या उजव्या हातात घेतला,
नेकनूरच्या बाजारात चाळीस वर्षं
बायाबायांचे हात घेतले तसा,
अंगठ्याखालचा उंचवटा आत दुमडला,
करंगळीकडून कातडी पुढे ओढली, सोडली,
ओढली, सोडली.
"असंच ना?
हाडाला जोर लावला की काच जाते.
हे तर मला येतंय की गं."

मला शिकायला साडेचार वर्षं लागली.

मागच्या सोमवारी
मनगट पाऊण सेंटीमीटरने कमी.
या सोमवारी पुन्हा तेवढंच जास्त:
नातीचं लग्न, चुलीपुढे दोन दिवस, पट्टी सोडून.
मी रागावले. त्यांनी ऐकून घेतलं,
आणि रुमालातून दुसरी बांगडी काढली, माझ्या मापाची.
कामात चालत नाही, मी म्हटलं.
"श्वास सोड," त्या म्हणाल्या. "अजून सोड."
सोडला. बांगडी गेली.
दुसरी घालताना मी हात आखडला, आणि कच्.
"फुटली," मी म्हटलं.
"फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

मग आपल्या डाव्या हाताकडे बघून
त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या,
की पोट हललं, फासळ्या हलल्या,
आणि मी टेप हातात धरून उभी राहिले,
थांबवलं नाही.