वाढत्या अंगाचं

हरभट रोडच्या दुकानात बाईनं विचारलं,
किती महिन्यांचं बाळ?
मी म्हटलं, चार किलो सहाशे.
ती हसली.
यार्डात हळद तोलणारा माणूस मी,
मला वजनातच कळतं सगळं.

महिने सांगायचे तर कुठले?
मोजले तर पाच.
पण ती दीड महिना आधीच आली,
तो वजा धरायचा का?
लेबलावर तशी सोय नव्हती.

मग खिशातून सुतळी काढली,
पोत्याचीच, पिवळी पडलेली.
सकाळी सुकन्यानं तिला निजवून
खांद्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, गाठ मारली.
छातीभोवती दुसरी.
तेव्हा ती शिंकली म्हणे,
तेवढं सैल धरा.

बाईनं सुतळी झबल्यावर ताणली.
तीन महिन्यांचं बरोब्बर बसत होतं.
नको, म्हटलं, पुढचं द्या.
त्याच्याही पुढचं.
"अहो भाऊ, त्यात ती दिसायची पण नाही!"
दिसेल.

काचेच्या पेटीत होती तेव्हा
अंगावर कपडाच नव्हता,
नुसत्या नळ्या,
आणि माझ्या मुठीत मावेल अशी टोपी.
तीही सैल.

घरी आणलं. हात बाह्यांत हरवले.
सुकन्यानं बाह्या दोनदा दुमडल्या,
मला काही बोलली नाही.

रोज कामावरून आलो की बघतो,
घड्या किती.
परवा एक उलगडलेली दिसली.
सुतळी गाठी सोडून पोत्याला लावली.
झबल्याच्या गळ्याशी माझ्या बोटाचा पिवळा डाग आहे,
सुकन्या म्हणते, हा काही निघायचा नाही.