पाच सेकंद

वीज गेली.
अक्कलकोट रोडवरच्या शेडमधले आठही माग
वाक्याच्या मध्येच थांबले,
आणि नायना ओरडतच राहिले, "समुद्र कसा होता बे?"
ओरडायची गरज संपली, हे त्यांना कळलं नव्हतं.

मी बॅगेतून टॉवेल काढला. इमाबारीचा.
पांढरा. काठाला ना मोर, ना कमळ, ना गावाचं नाव.
नायनांनी भिंग लावून धागे मोजले,
उलट्या बाजूनं वास घेतला.
"सूत बरंय."
एवढं तर ते माझ्या लग्नातही बोलले नव्हते.

तिथंही किल्ला आहे, मी म्हटलं,
आपल्यासारखाच पाण्यात पाय सोडून बसलेला.
पण खंदकात समुद्र येतो,
भरतीला खारे मासे तटाखालून फिरतात.
"मग धुलाई कशात?"
नदीच्या पाण्यात. मऊ असतं.
"हां," म्हणाले. आमच्या बोअरचं पाणी आठवलं असणार.

बंदर, क्रेन, फेरीबोटी. सगळं नवं.
जुनं कुठंय विचारलं
की माणसं हातानं दाखवतात, इथपासून तिथपर्यंत,
आणि हात खाली घेतात.
पंचेचाळीसच्या ऑगस्टातली एक रात्र.
सकाळी पाण्यापलीकडे हिरोशिमा झालं,
म्हणून या रात्रीचं फारसं कुणी विचारत नाही.

हिसानोबाई सांगत होत्या, घड्या घालता घालता.
ऐंशीच्या पुढच्या, बोटं माझ्या अम्माची, विड्या वळणारी.
आईनं डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता;
काठ निळा होता, हे आठवतं.
आई आठवत नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमचं गाव कसं?
मी गिरणीचं सांगितलं. भोंग्याचं.
पहाटे वाजला की आजोबा डबा बांधायचे,
गाव घड्याळं लावायचं.
दुभाषा पोरगा त्या शब्दापाशी पोचला
आणि बाईंचा हात घडीवरून उठला,
कानापर्यंत गेला,
परत आला.
तीच घडी त्यांनी पुन्हा घातली.

हे मी नायनांना सांगितलं नाही.
मागांनी त्यांचे कान नेले, त्याला वीस वर्षं झाली.
तरी चारला अंधारात उठून बसतात:
"झाला काय बे भोंगा?"
गिरणीच्या चिमणीत आता पिंपळ आहे.

त्यापेक्षा परीक्षेचं सांगितलं:
टॉवेलचा तुकडा पाण्यावर सोडायचा,
पाच सेकंदांत बुडाला पाहिजे.
"आण बादली."
आमच्याच मालाचा, निळ्या काठाचा तुकडा त्यांनी कापला,
पाण्यावर ठेवला, देवाला फूल ठेवावं तसा,
आणि तेलुगूत मोजू लागले. ओकटी. रेंडू. मूडू.

वीज आली.
आठ माग एकदम बोलू लागले,
नायना तुटलेल्या धाग्याकडे धावले.
मी वाकून राहिलो.
तुकडा तरंगत होता, तरंगतच होता,
मग एका कोपऱ्यानं पाणी प्यायला लागला.

पलीकडून त्यांनी भुवया उंचावल्या: किती?
मी हात वर केला,
पाचही बोटं उघडून.