इतिवृत्तात नसलेलं

तार्तू, जानेवारी. दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले.
टेबलावर चार कंपन्यांची चार पत्रकं
आणि माझ्यापुढे तक्ता: किंमत, सुरक्षा, सुलभता,
दर रकान्यात पाचपैकी गुण.
मी इतिवृत्त लिहितो, मत देत नाही.

हेल्वेबाई तीस वर्षं शेवाळं शिकवतात.
म्हणाल्या, तक्ता राहू दे बाजूला.
उठल्या, आमच्याकडे पाठ केली
आणि फळ्याशीच पुटपुटू लागल्या,
वर्गात बोलतात तशाच.

कोपऱ्यात कारेल. त्याला ऐकू येत नाही.
पडद्यावर उमटतील ती अक्षरं, तेवढाच त्याचा वर्ग.

पहिलं यंत्र गप्प.
दुसरं फिनिश समजून बसलं.
तिसऱ्यानं लिहिलं: खोकला.
चौथ्यानं 'साम्माल'चं 'साम्मास' केलं,
म्हणजे शेवाळाऐवजी खांब,
आणि मग छपरांवर, दगडांवर,
म्हाताऱ्या बर्चच्या उत्तर अंगाला
ओले हिरवे खांब उगवत राहिले.

कारेल इतका हसला की दाराशी कुणीतरी थबकलं.
मग त्यानं शब्दावर बोट ठेवलं,
खोडला, दुरुस्त केला.
बाकी तिन्हींत ते बोट ठेवायला जागाच नव्हती.

निर्णय: चौथं. गुण बारा, सगळ्यांत कमी.
'कारण'च्या रकान्यात मी पेन टेकवून बसलो;
अध्यक्ष तोनिसनी घड्याळ पाहिलं.

मार्चमध्ये प्रयोगशाळेवरून जात होतो.
दार उघडं.
हेल्वेबाई वर्गाकडे तोंड करून बोलत होत्या,
खडू हातात तसाच,
फळा कोरा.