चार बोटं

मे महिना. मेडिकलच्या ओपीडीत
कूलर नुसता आवाज करतो.
यादोराव सोनकुसरे, वय एकसष्ट, तांडापेठ.
उजवं कोपर, सहा आठवडे प्लास्टर,
घरच्या कूलरमध्ये बादली ओतताना
स्टुलावरून पडले.
मी कोनमापक लावते, लिहिते:
वाकतं एकशेदहापर्यंत, सरळ होताना चाळीसवर अडतं.
ते कागदाकडे बघतच नाहीत.
टेबलावरचा रिकामा कप तोंडाकडे नेतात,
मान खाली आणतात,
आणि तरी मध्ये उरलेली जागा
डाव्या हाताने मोजतात.
"चार बोटं कमी पडून राहिली, मॅडम."

मी समजावते, आम्हाला शिकवलं तसं:
दंडात पुढे एक स्नायू, दोन डोक्यांचा,
पोरं आरशात फुगवून बघतात तो.
त्याच्याखाली दडलेला दुसरा,
त्याचं नाव कुणी घेत नाही
आणि वाकवायचं बरंचसं काम तोच करतो.
मागे तीन डोक्यांचा,
कोपराच्या टोकाला दोरीसारखा बांधलेला.
आणि लक्षात ठेवा काका,
स्नायूला ढकलता येत नाही.
जन्मभर फक्त ओढता येतं.
हात वाकतो तेव्हा पुढचे ओढतात.
ढकलून द्यावा तसा सरळ होतो
तेव्हाही कुणी ढकललेलं नसतं,
मागचा ओढतो.
एक ओढत असताना दुसऱ्याने सैल व्हायचं.
तुमचे दोन्हीकडचे ओढतायत. भीतीने.

ते हसतात.
"हे मले कायले सांगता जी?
खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षं बसलो मागावर.
ही पावडी दाबली का ही वही वर, ते खाली.
ते दाबली का उलटं.
दोन्ही एकदम दाबल्या
त धोटा जाईन कुठून?"

धोटा जाईल कुठून.
मी हे त्यांच्या केसपेपरच्या कडेला लिहिलं
आणि सरांनी बघू नये म्हणून घडी घातली.

एक गोष्ट मात्र त्यांना माहीत नव्हती:
तो पुढचा स्नायू कोपरापासून
जेमतेम दोन बोटांवर बांधलाय,
आणि तळहात राहिला तिकडे लांब.
किलोभर साखर धरायची
तर त्याला आठेक किलोंची ओढ लावावी लागते.
सरळसरळ तोट्याचा सौदा.
पण तो चार बोटं आखडला
की तळहात मांडीवरून थेट खांद्याशी.
त्यांनी थोडा वेळ हिशेब केला.
"म्हणजे मेहनत ढीगभर, दाम चिमूटभर,
पण कापड लांब निघते.
आमच्यावानीच झालं ना."

रोज एखादा अंश. काही दिवस तोही नाही.
वाळूची पिशवी वर जायची,
खाली येताना धपकन पडायची.
खाली आणणं म्हणजे सोडून देणं नव्हे, मी म्हणाले,
उतरतानाही तेच पुढचे धरून असतात,
लांबत लांबत, ओझं न टाकता.
"ताणा सोडतो तसा. झटका देल्ला का तुटलाच."
आणि त्या दिवशी पिशवी
आवाज न करता टेबलावर टेकली.

एकदा त्यांची बायको सोबत आली, जनाक्काबाई.
दोन महिने घास तिनेच भरवले होते.
"दार लावून घे म्हणत पहिले," ती म्हणाली,
"बाजूच्याची सून पाहून राहिली म्हणे."
यादोराव खिडकीबाहेर
सायकल स्टँडकडे बघत राहिले.

तीन बोटं. दोन. मग बरेच दिवस दोनच.
मग एका सकाळी कपात चहा होता
आणि ते प्यायले,
बशीत न ओतता, उभ्यानेच.

सरळ होताना शेवटचे पंधरा अंश मात्र आलेच नाहीत.
मी चाचरत सांगितलं, बहुधा येणारही नाहीत.
त्यांनी हात पुढे धरला, तसाच, किंचित वाकलेला,
अजून काही धरून असल्यासारखा.
"राहू द्या. मागावर बसलो तवापासून
हा पुरा सरळ कधी झालाच नोता.
कोणाले दाखवायचा आहे?"

त्या रात्री घरी, मानेवाड्याला,
कूलरमध्ये पाणी ओतून
बादली खाली आणता आणता
मी अर्ध्यावर थांबले,
कोण धरून आहे ते बघायला.