उदाहरणासह स्पष्ट करा

पहिल्याच तासाला शिरगूरकर बाईंनी फळ्यावर
एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या,
रेघेच्या वर ते, जे पोलिसांच्या वहीत आहे.
खाली बाकीचं.
खाली मग इतकी जागा निघाली
की डस्टरचा कठडा आला, भिंत आली,
पहिल्या बाकावरच्यांचे पाय आले.

प्रात्यक्षिक सोपं होतं. आपल्याच पेठेतली दहा घरं,
घरटी तीन प्रश्न:
काय गेलं? कधी गेलं? तक्रार केलीत का?
मी घोरपडे पेठेत फिरले, चपला काढत, घालत.
धोंगडे काकांचा सिलिंडर. तक्रार नाही. "पावती कुठंय?"
शकीलाबींच्या दोन कोंबड्या. "हसतील की ते."
तिसऱ्या मजल्यावरच्या शुभांगीताईंनी
आधी दार लोटून घेतलं, मग विचारलं,
वस्तूच जायला हवी का गं?
मी म्हटलं, फॉर्मात तसंच आहे.
त्यांनी चहा केला. रकाना कोरा.

दहावं घर आमचंच धरलं, चालतं म्हणाल्या होत्या बाई.
आई म्हणाली, आपलं कधी काही गेलं नाही.
पेन हातातच होतं, म्हणून मी फॉर्म उलटला.
पाठकोऱ्या बाजूला कुणीच विचारलं नव्हतं,
तुम्ही काय घेतलंत?

सहावी ब. तेजस गुगळेची कंपासपेटी.
झाकणात आरसा, मिटताना टच्च असा आवाज.
मला आवाज हवा होता.
पेटी त्याच्याबरोबर आली.

पोतनीस सरांनी कुणाला काही विचारलं नाही.
सरळ शेवटच्या बाकाशी गेले
आणि हिरामण काळेचं दप्तर उलटं केलं.
पुठ्ठा नसलेली वही,
वर्तमानपत्रात भाकरी,
एक बेचकी, रबर तुटलेली.
पेटी निघाली नाही.
म्हणजे विकली, सर म्हणाले, आणि पट्टी मागवली.
वर्गाला ते पटलं.
मला तर इतकं पटलं
की घरी गेल्या गेल्या मी गादीखाली हात घातला,
आहे ना अजून, बघायला.

सोमवारी तो आला. मंगळवारी नाही.
पुढे महिनाभर हजेरीत त्याचं नाव घेताना
सरांचा आवाज कुठेच अडला नाही,
मग एके दिवशी त्या नावावर लाल रेघ.
तीही आडवीच.

दुसऱ्या सत्रात कवट्या मोजणारे डॉक्टर आले,
मग इंग्रजांचा कायदा,
ज्यात अख्ख्या जमाती पाळण्यातच गुन्हेगार.
तो कायदा गेला, बाई म्हणाल्या, एकोणीसशे बावन्न.
मी वहीत साल लिहिलं.
शेजारी, बारीक अक्षरात: सहावी ब, २०१६.

क्षेत्रभेटीला चौकीत नेलं, तिथे फोटोंचा फळा होता.
बाकीच्या मुली लॉकअपपाशी कुजबुजत होत्या,
मी काळे, काळे, काळे असं वाचत गेले.
एक किसन, एक दिगंबर, एक नुसताच पिंट्या.
हिरामण नव्हता.
बरं वाटलं.
कुणासाठी बरं वाटलं,
हे बसमध्ये स्वारगेटपर्यंत ठरलं नाही.

परीक्षेत प्रश्न चौथा, गुण दहा:
शिक्का मारण्याचा सिद्धांत उदाहरणासह स्पष्ट करा.
मी तीन पानं लिहिली, पुरवणी घेतली.
नावं बदलली. त्याचं, सरांचं.
माझं मुळात घातलंच नव्हतं, ते उशिरा लक्षात आलं,
घंटा होऊन गेल्यावर.

सहा गुण मिळाले.
समासात लाल शाईने:
"उदाहरणात गुन्हेगार कोण, ते स्पष्ट होत नाही."

पुनर्तपासणीचा अर्ज खिडकी क्रमांक तीनवर मिळतो.
मी रांगेत उभी आहे.
पुढे अकरा जण.
सॅकमध्ये, तळाशी, ती पेटी.
चालताना अजूनही वाजते.