बुधवारची खोली

जुन्या जालन्यात, शाळेच्या मागच्या खोलीत
बुधवारी सहाला ट्यूबलाइट
आधी चाचरते, मग लागते.

लिंबाजीमामा आठवडाभर घोकून आलेत:
ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.
हजेरीला मी नाव विचारलं, तर
"काहून सांगू?"

सळयांच्या कारखान्यात नवऱ्याला काम,
म्हणून गढव्याहून आलेली फूलमती
गेल्या महिन्यात अंबडऐवजी मंठ्याला पोचली होती,
कडेवर लेकरू, मुठीत तिकिटाची सुरळी.
आज ती फळ्यावर आधी मंठा लिहिते,
मोठं,
आणि त्याच्यावर काट मारते.

खिडकीपाशी मुदस्सिर, वय नऊ,
थुंकी लावून सुईत दोरा ओवतो.
गाठ कशी मारायची ते मामांनीच दाखवलंय,
सरावाला अंगातला सदराच दिलाय.
"टोचलं तर सांगा, मामा."
"कुणालाच सांगायचं नाही,"
मामा डोळे मिटून म्हणतात.

फूलमती हसते. खडू मोडतो.

आठला कुलूप लावलं.
गुंडी एक बोट खाली बसली होती,
गळ्याशी सदरा जरा चोळामोळा.
मामा तसेच गेले, छाती काढून,
मोंढ्याच्या रस्त्यानं.